आज्जीच्या पेटीतला टाक

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे, गाव परभणीकडचं. आमचं घर पक्कं बौद्ध, पणजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून घरात देव नाही, हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो, ६ डिसेंबरला बाबा चैत्यभूमीला जाणार म्हणजे जाणार. आता आज्जीला आमच्याकडे आणलं, पंच्याऐंशीच्या पुढं आहे ती, तर सामान लावताना तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी खणात गुंडाळलेला मरीआईचा टाक (देवीची धातूच्या पत्र्यावरची छोटी मूर्ती) निघाला, वर ताजं हळदकुंकू. म्हणजे इतकी वर्षं चालूच होतं! बाबा जाम भडकले, आत्ताच्या आत्ता नदीत टाक म्हणाले, आई गप्प (तिला माहीत होतं हे आता कळतंय), आणि आज्जी एवढंच बोलली की माझ्या आईनं दिलाय, मी मेल्यावर काय करायचं ते करा. त्यात माझंच धड नाही, वंदना पूर्ण पाठ नाही याची लाज वाटते, विहारात शेवटचं कधी गेलो आठवत नाही, बाबांच्या शाळेच्या टीसीवर हिंदू महार आणि माझ्या टीसीवर बौद्ध, कुणी विचारलं तुम्ही नक्की कोण तर मी विषय बदलतो. मग आम्ही बौद्ध म्हणजे नेमकं काय? आणि टाकाचं काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी टाकाचं. राहू दे पेटीत. म्हातारं माणूस, गाव सोडून आलंय, त्यात तिच्या आईची वस्तू नदीत टाकायची एवढी घाई कशाला?

पण म्हणून बाबांना "जाऊ द्या हो" म्हणत गप्प बसवू नकोस, त्यांचा राग खोटा नाहीये. पटकी आली की गावाला मरीआई आठवायची, एरवी देवी गावाबाहेर आणि तिचं करणारेही गावाबाहेर. तिचा गाडा शिवेपार न्यायचा महारांनी, आणि एवढं करून पाणवठा वेगळा तो वेगळाच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यानंतर गावोगाव लोकांनी देव गोळा करून नदीत, विहिरीत टाकले, त्यात ही सगळी वेठ पण टाकली होती रे. बाबांना त्या टाकात तीच वेठ घरात परत आलेली दिसत असणार, तेव्हा त्यांच्याशी बोलताना हे धरून बोल.

आता दुसरी बाजू. प्रतिज्ञा ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं घ्यायची असते, मुलगा आईच्या वतीनं घेऊ शकत नाही. कित्येक बाया पांढरी लुगडी नेसून, पोरं कडेवर घेऊन नागपूरला गेल्या होत्या हे खरंच, पण बऱ्याच घरांत असंही झालं की पुरुषमाणसं सभेवरनं आली, देव्हारा रिकामा केला आणि घरातल्या बाईला कुणी काही विचारलंच नाही. पोराच्या तापात जिनं त्याच टाकापुढं रात्र काढलेली असते तिनं मग आपल्यापुरता मार्ग काढला, खणात गुंडाळून. तुझ्या आज्जीची आई त्यातली असेल. आज्जी अजून देवीला भिते की आईची आठवण जपते हे तिलाच ठाऊक, तर विचार की तिला! बाबा ऑफिसला गेल्यावर, चहा घेऊन बस, कुणी दिला, कधी दिला, सासरी कसा लपवला, आणि ती हो म्हणाली तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव. फक्त टाक बुद्धांच्या फोटोशेजारी मांडायचा नाही, आपल्याकडे सगळंच चालतं असलं गुळमुळीत धोरण मला पटत नाही, बाबांनाही पटणार नाही आणि मला वाटतं आज्जीलाही नको असेल, नाहीतर तिनं इतकी वर्षं तळाशी ठेवला नसता.

टीसीचं कोडं मात्र सरकारी आहे, त्याचा मनाला त्रास करून घेऊ नकोस. १९५० च्या अनुसूचित जातींच्या सरकारी आदेशात पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू धरले होते, १९५६ ला बाकीचे शीख आले, बौद्धांना घ्यायला १९९० उजाडलं. तोवर कागदावर बौद्ध लिहिलं की केंद्राच्या सवलती जायच्या, म्हणून घरात वंदना आणि शाळेत हिंदू महार असं कितीतरी घरांनी केलं. बाबांना विचारून बघ, त्यांचं नाव शाळेत घालताना घरात काय चर्चा झाली होती.

आणि तू कोण? हे बघ, मी हिंदू म्हणून मरणार नाही असं बाबासाहेब येवल्याला म्हणाले ते १९३५ ला आणि दीक्षा घेतली १९५६ ला. मधली एकवीस वर्षं तो माणूस वाचत होता, धर्म तपासत होता, आणि तुला मात्र सगळं जन्मतःच तयार मिळालं, तर ते अंगाला सैल होणारच. तुझ्या घरात नेमानं कार्यक्रम होतात पण हे का, ते का नाही, यावर कुणी बोललेलं दिसत नाही, आणि टाक निघाल्यावर एकदम भडका उडाला तो त्यामुळंच. बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना सांगितलेलंच आहे की परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. त्यात बाबा म्हणतात म्हणून हेही आलं बरं का. तपासून तुला काही पटलं नाही तर तसं बाबांना सांगायची तयारी ठेव, कुणी विचारल्यावर विषय बदलण्यापेक्षा ते बरं.

वंदनेचं म्हणशील तर रविवारी जवळच्या विहारात जा, मागं बस, सुरुवातीला नुसतं ऐक. पुढं बसलेली चिल्लीपिल्ली तुझ्यापेक्षा खणखणीत म्हणतील, तेवढं सहन कर.