मला वाटायचं, माझं कन्नड कच्चं आहे

"मॅडम, रील बघून कुणाला आजार लागतो काय?"

ताई खुर्चीत टेकायच्या आधीच हे विचारून मोकळ्या झाल्या. मी बेळगावात समुपदेशन करते, आणि हल्ली हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. निपाणीचं कुणी फोनवर विचारतं, खानापूरहून कुणी मुलाला दाखवायला म्हणून येतं आणि उठता उठता हळूच स्वतःबद्दल विचारतं. शब्द वेगळे, काळजी तीच. मला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असेल का? तो लहान मुलांना असतो ना? शाळा झाली, नोकरी लागली, लग्न झालं, मग आत्ता कुठून आला? आणि असलाच, तर चाळिशीला टेकल्यावर कळून करायचं काय?

एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नाव घालत नाही.

शहापूरकडचं विणकराचं घर, वय अडतीस, बी.कॉम. एका पतसंस्थेत हिशेब बघतात. मिस्टरांचे चार पॉवरलूम. ताई तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या होत्या. ते आधी सांगायला पाहिजे, कारण तेव्हा मी चुकले. हळदीकुंकवाला जायचं म्हटलं की पोटात गोळा. लग्नाहून आल्यावर दोन दिवस अंधाऱ्या खोलीत डोकं धरून पडायचं. काउंटरवर बसवलं की रडू. मी वहीत 'लोकांची भीती' असं लिहिलं, चार बैठका घेतल्या, श्वासाचे व्यायाम शिकवले. थोडा उतार पडला, त्या यायच्या थांबल्या, मीही विसरले. त्या चार बैठकांत मी त्यांना लहानपणाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

मधे घडलं ते असं. भावाचा मुलगा चार वर्षांचा. बोलत नव्हता, हाक मारली तर वळून बघत नव्हता. त्याला धारवाडला दाखवायचं ठरलं. कागदपत्रं म्हटली की घरात ताईंनाच पुढे करतात, फॉर्म कन्नड असो की इंग्रजी. तर भाऊ, वहिनी, आई, आणि फाइल घेऊन ताई. तिथल्या सायकॉलॉजिस्ट एकेक विचारत गेल्या. रोजच्या गोष्टीत बदल झाला तर त्रागा करतो का, ठराविक आवाजाला कान झाकतो का, वस्तू ओळीनं लावत बसतो का. आणि नातवाची आजी, म्हणजे ताईंची आई, दर वेळी म्हणायची, "त्यात काय ओ बाई? आमची ही पण तसंच करायची की!" सहाव्या की सातव्या वेळी त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ताईंकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत. परतीच्या बसमध्ये ताईंनी मोबाइलवर 'ऑटिझम' हा शब्द पहिल्यांदा स्वतःसाठी टाकून बघितला. पुढचे पंधरा दिवस रील, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.

रील बघून ऑटिझम होत नाही. रील बघून तो आपल्याला आहे असं वाटू मात्र शकतं, आणि ते वाटणं कधी खरं निघतं, कधी नाही. म्हणून मी रीलमध्ये काय दिसलं ते विचारत नाही. त्याच्या आधी तुम्ही स्वतःला काय सांगत होता, ते विचारते.

ताई म्हणाल्या, "मला वाटायचं, माझं कन्नड कच्चं आहे."

मी हातातला चहा खाली ठेवला. आपल्या भागात राहणाऱ्याला हे चटकन कळेल. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दोन्हींची मिसळ, वर दखनी हिंदी. सगळे हसले आणि आपण नाही हसलो, तर कारण हाताशी तयार असतं, एखादा शब्द सुटला असेल. समोरचा तुटक बोलला, तर आपणच 'नीवु' (तुम्ही) म्हणायच्या जागी 'नीनु' (तू) म्हणालो असू. ताई या एका कारणावर पंचवीस-तीस वर्षं जगल्या. गंमत अशी की त्यांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे. शाळेत कन्नडच्या व्याकरणात त्या वर्गात पहिल्या असायच्या.

बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं त्या पुण्यात नोकरीला होत्या. तिथे सगळे मराठीच. पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एक बाई म्हणाल्या, "ये ना एकदा घरी." ताईंनी पत्ता लिहून घेतला आणि येत्या रविवारी सकाळी दहाला कुंद्याचा डबा घेऊन दारात हजर. ती मंडळी बाहेर निघायच्या तयारीत, कुलूप हातात. सोमवारी तो किस्सा ऑफिसभर झाला.

मी म्हटलं, "अहो, बेळगावात 'या घरी' म्हटल्यावर न जाणं हा अपमान. यात ऑटिझम कुठं आला? यात पुणं आलं."

"तसं मी पण म्हणाले असते. पण माझी रूममेट गडहिंग्लजची. तिला पण असंच बोलावलं होतं. ती गेली नाही. मी विचारलं, न जाण्यासाठी बोलावलंय हे तुला कसं कळलं? ती म्हणाली, कळतंय की ग." ताई थोडं थांबल्या. "मॅडम, ते 'कळतंय की' मला कधीच कळलं नाही. कन्नडमध्ये पण नाही, मराठीत पण नाही."

तेव्हापासून त्यांनी वही घातली. मला आणून दाखवली. अशा चार आहेत, खतावणीसारख्या आखलेल्या, डावीकडे प्रसंग, उजवीकडे काय करायचं. 'घरी या' म्हणाले तर तारीख विचारणे, तारीख नाही तर जाणे नाही. 'जेवलीस काय' ही चौकशी नाही, काय जेवलो ते सांगू नये. फोटो काढताना दात दिसावेत. मयताच्या घरी वीस मिनिटे बसणे, निघताना 'येते' म्हणू नये. ऑटिझमवर लिहिणारे याला मास्किंग म्हणतात, इतरांना उपजत येतं ते पाठ करून वठवणं. लग्नानंतरची डोकेदुखी मी भीती समजले होते. तो शीण होता. चार तास ती वही डोक्यात उलटत बसायची, तोंडावर हसू ठेवून.

सगळ्यांनाच थोडंफार असं होतं, असं कुणी म्हणेल. म्हणून दुसरी बाजू बघायची. मागाच्या घरात वाढलेल्या बाईला आवाजाचा त्रास कसा, हे मला कोडंच होतं. त्या म्हणाल्या, मागाचा त्रास नाही, उलट माग बंद पडला की झोप लागत नाही. पुढचा ठोका कधी पडणार हे माहीत असतं. कुकरची शिट्टी कधी होईल ते माहीत नसतं. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री दरवर्षी त्या खानापूर तालुक्यात मावशीकडे जाऊन राहतात. नव्या साडीची खळ अंगाला सोसत नाही, तीनदा धुतल्याशिवाय नेसत नाहीत, आणि तेही विणकराच्या घरात! सासूबाईंनी याला नखरा म्हटलं. आवाज, स्पर्श, वास यांचं असं जास्त किंवा कमी लागणं २०१३ पासून डीएसएम-५ या निदानपुस्तकात ऑटिझमच्या लक्षणांमध्ये धरलं जातं.

इथे आपला मराठी शब्दही घोटाळा करतो. ताई म्हणाल्या, "स्वमग्न म्हणतात. मी कुठं स्वतःत मग्न आहे? मला तर बाहेरचंच सगळं जास्त ऐकू येतंय." खरं आहे. कन्नडमधलं 'स्वलीनते' तरी काय वेगळं सांगतं? दोन्ही शब्द मूळ ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्व', यावरून उचललेले. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं तेवढंच ते सांगतात.

मग शाळेत कुणाला का दिसलं नाही? १९४३ मध्ये अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं, त्यात आठ मुलगे होते. ऑटिझम म्हणजे न बोलणारा, आपल्यातच असणारा मुलगा, हे चित्र तिथून जे बसलं ते बसलं. बोलणाऱ्या, हुशार, पण माणसांत अडखळणाऱ्यांकडे जगाचं लक्ष वळलं ते ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखानंतर. ताई शाळेत होत्या तेव्हा, १९९५ च्या आपल्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं. ते १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पक्कं झालं. शहापूरच्या बाईंनी प्रगतिपुस्तकात 'अबोल पण हुशार' लिहिलं, त्यांना दोष कसा द्यायचा? डीएसएम-५ मध्येच म्हटलंय की लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण माणसाकडून मागण्या वाढेपर्यंत ती उघड होतीलच असं नाही, आणि शिकलेल्या युक्त्यांनी पुढे झाकली जाऊ शकतात. अडतिसाव्या वर्षी ऑटिझम येत नाही. अडतिसाव्या वर्षी झाकण पुरेनासं होतं. ताईंच्या बाबतीत ते काउंटरवरच्या बदलीनं झालं.

मोबाइलवर त्यांनी ती प्रसिद्ध पन्नास विधानांची चाचणीही सोडवली होती. २००१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी केलेली. एका विधानापाशी त्या वीस मिनिटं अडकल्या. संग्रहालयापेक्षा नाटकाला जाणं आवडेल, असं काहीसं आहे ते. "कोणतं नाटक? कोणतं संग्रहालय? ते सांगितल्याशिवाय उत्तर कसं लिहायचं?" त्यांच्या गुणांपेक्षा मला ही शंका जास्त बोलकी वाटली. अशी चाचणी चाळणीसारखी असते. तिच्यावरून तपासणीला जायचं की नाही एवढं ठरवावं, निदान करू नये.

याच्या उलटही सांगते. मागच्या वर्षी एक तरुण ऑटिझमची पक्की खात्री करून आला होता. लोकांकडे बघवत नाही, गर्दी नको. पण मित्रांच्या कट्ट्यावर तो टोमणे झेलायचा, परतवायचा, कोण कुणावर रुसलंय ते आधी ओळखायचा. शाळेत अडखळत बोलण्यावरून मुलांनी छळलं, तिथून भीती सुरू झाली होती. भित्र्या माणसाला समोरच्याचा इशारा बहुतेक वेळा कळतो, म्हणूनच तो भितो. ताईंना इशारा पोचतच नाही, किंवा घरी पोचल्यावर पोचतो. ही माझी ढोबळ मोजपट्टी आहे, आणि दोन्ही एकत्र असलेली माणसंही मी बघितली आहेत.

समुपदेशकाला ऑटिझमचं निदान करता येत नाही, हे स्पष्ट लिहिते. ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. ताईंना मी धारवाडला पाठवलं. कुणाकडे जायचं ठरत नसेल, तर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करून विचारा, पैसे पडत नाहीत. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे 'इसा' नावाची चाळीस मुद्द्यांची मोजणी वापरतात. तिच्यात बाहेर दिसणाऱ्या वागण्यावर भर आहे, त्यामुळे ताईंसारखी झाकलेली बाई तिच्यातून सहज निसटते. मोठ्यांच्या बाबतीत खरी मदत होते ती लहानपण बघितलेल्या माणसाची. सोबत कुणाला न्यायचं असेल तर नवऱ्याच्या आधी आईला, आत्याला, थोरल्या बहिणीला न्या.

आईनं तिथे सांगितलेली आठवण ताईंना स्वतःला नव्हती. शेजारी एक कन्नड आजी होत्या. जाताना त्या 'बर्तीनी' म्हणायच्या, आपण 'येते' म्हणतो तसंच. ही पोर कट्ट्यावर बसून त्यांची वाट बघायची. घरातलं कुणी 'येते' म्हणून गेलं तरी तेच. "जेवायला उठायची न्हाई ओ. म्हणायची, आजी येते म्हणालीय." तीन वर्षांची कुठलीही पोर असं करेल. ही आठ वर्षांची होईपर्यंत बसत होती.

दोन खेपांनंतर निदान झालं. ताई शांत होत्या, आई मात्र माझ्याकडे येऊन रडली. "मी मागावर बसायची, पोरीकडं बघितलं न्हाई, म्हणून झालं काय?" आईच्या थंडपणानं ऑटिझम होतो असं पन्नास-साठच्या दशकांत मोठमोठी माणसं म्हणत होती. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये जुळ्यांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास झाला, आणि त्यात एकसारख्या जुळ्यांमध्ये तो दोघांनाही असण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. हे रक्तातून येतं, मागावर बसल्यानं येत नाही. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, पटलं की नाही देव जाणे.

आता, कळून काय झालं? ऑटिझमवर गोळी नाही. ताईंनी प्रमाणपत्र घेतलं नाही, सासूबाईंना सांगितलं नाही, आणि कुणाला सांगायचं ते त्यांनीच ठरवावं असं माझं मत. पतसंस्थेत नोटा मोजायच्या मशीनजवळचं टेबल सोडून त्या आतल्या खोलीत गेल्या. कारण विचारलं तेव्हा 'डोकं दुखतं' एवढंच म्हणाल्या. लग्नाला जातात, अक्षता पडल्या की परततात. मिस्टर स्वयंपाकघरातून ओरडून सांगतात, "होऊलालीय ग शिट्टी!" पाचवी वही घातलेली नाही.

मागच्या बैठकीला मी म्हटलं, तेव्हाच्या चार बैठकांचे पैसे परत करते, माझंच चुकलं होतं. त्यांनी मनात हिशेब केल्यासारखं केलं. "नको. श्वासाचे व्यायाम चालतात. कारण तेवढं चुकीचं होतं."

उठल्या, पर्स घेतली, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"येते. म्हणजे आता जाते. चार तारखेला साडेअकराला येते."