चूक कोण शोधतं, ते बघा

प्रश्न : मुलगी पहिलीत आहे. घराजवळ रोबोटिक्सचा क्लास निघालाय, वर्षाची फी १८ हजार. ‘आत्ता घातलं नाही तर पुढे इंजिनीअरिंगला मागे पडेल,’ असं क्लासवाले सांगतात. घालू का? – एक आई, सातारा

ताई, आधी ती भीती मनातून काढून टाका. सहाव्या वर्षी कुणाचंच इंजिनीअरिंग ठरत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगचे उपक्रम सहावीपासून पुढे धरले आहेत. पण लहान मुलांसाठी रोबोट हे फार गुणी खेळणं आहे, हेही मी तितक्याच मनापासून सांगते.

१९६७ साली अमेरिकेत गणितज्ञ सीमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या सूचनांवर जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव आलं. अडलं की मुलांनी स्वतःच कासव होऊन चालून बघायचं! आजचा ‘बी-बॉट’ हा लहान मुलांचा छोटा रोबोट त्याच घराण्यातला. पाठीवर बाणांची बटणं, एका पावलाला १५ सेंटिमीटर. उजवा बाण दाबला की मुलांना वाटतं, तो शेजारच्या चौकोनात जाईल. तो मात्र जागच्या जागी वळतो आणि थांबतो. मूल बुचकळ्यात पडतं, उठून स्वतः वळून बघतं आणि ओरडतं, “वळल्यावर पुढेपण दाबायचं!” सूचनांचा क्रम लावणं, फसलं तर नेमकी कुठली सूचना चुकली ते हुडकणं, हेच या वयात शिकायचं. फी द्यायची ती त्यासाठी.

म्हणून पैसे भरण्याआधी एक तास मागे बसून बघा. एका रोबोटमागे किती मुलं आहेत? तो भलतीकडे गेला की सर स्वतःच बटणं दाबून मोकळे होतात का? होत असतील तर घालू नका. ‘कुठं चुकलं असेल?’ एवढंच विचारून मुलांना वेळ देत असतील, तर क्लास चांगला.

तोवर घरी खेळा. फरशीचे चौकोन आहेतच. कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक बाण काढा, रोबोट तुम्ही व्हा. लेकीने सगळ्या चिठ्ठ्या आधी ओळीने मांडायच्या, मगच तुम्ही चालायचं. चिठ्ठी भिंतीकडे नेत असेल तर भिंतीपर्यंत जा, तिला सावरून घेऊ नका. पंधरा दिवसांनी ती आपणहून चिठ्ठ्या घेऊन बसायला लागली का, ते मला कळवा. मग फीचं बोलू.