दुसरी बॅटरी जोडू का?

प्रश्न : कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन ३० किमी. ई-सायकल अडीच वर्षांची. बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास. आधी पुरायची, आता विसाव्या किलोमीटरलाच मान टाकते. मुलाने जुन्या बाजारातून एक बॅटरी आणली आहे. दोन्ही एकत्र जोडू म्हणतो. जोडू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी मुलाच्या हातातली पकड काढून घ्या. हा उद्योग मी स्वतः करून बसलोय. एक बॅटरी फुल, म्हणजे ४२ व्होल्टवर, दुसरी ३३ वर. वायरी टेकवल्या मात्र, भरलेलीतला करंट रिकामीत असा धावला की वायरीवरचं प्लॅस्टिक वितळून टेबलाला चिकटलं. तो काळा डाग अजून आहे. गिऱ्हाईक ऐकत नसलं की तोच दाखवतो.

आता हिशेब. ३६ गुणिले ७.८ म्हणजे साधारण २८० वॉट-तास, ही भरलेल्या बॅटरीतली एकूण वीज. पाय न मारता नुसतं थ्रॉटल (हँडलवरचा मोटर पळवायचा कान) पिळत गेलात तर किलोमीटरला पंधराच्या आसपास जातात, म्हणजे अठरा-एकोणीस किमीत खेळ खलास. पाय मारत गेलात तर आठ-दहात भागतं. तेव्हा खरं सांगा, पेडल किती मारता? ऑफिसला उशीर झाला की अंगठा आपोआप थ्रॉटलवर जातो, माझाही जातो.

तुमच्या वाटेवरचा खरा खादाड म्हणजे चांदणी चौकाचा चढ. तुम्ही, सायकल, डबा-लॅपटॉप मिळून १०० किलो धरले, तर दर १०० मीटर उंचीला मोटरचा तोटा धरून ३५-४० वॉट-तास जातात. त्यात मोटर मागच्या चाकात असेल, तर तुम्ही गिअर बदलता तो फक्त तुमच्या पायांसाठी. मोटरला त्याचा उपयोग नाही. चढावर वेग पडला की ती करंट ओढते आणि नुसती तापते. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका नि पाय भरभर चालू ठेवा.

चाक उचलून फिरवून बघा. खस्‌-खस्‌ आवाज येत असेल तर ब्रेक घासतोय. हवा अंगठ्याने दाबून पाहू नका, टायरच्या कडेवर आकडा छापलेला असतो तेवढी भरा. एवढं करून, पेडल मारूनही वीसच किमी मिळाले, तर मात्र बॅटरीच्या आतले सेल थकले. मग बॅटरीच बदलायची.

तोपर्यंत सोपा उपाय : चार्जर पिशवीत टाका. २ अँपिअरचा असेल तर ऑफिसात दोन तासांत जवळजवळ अर्धी बॅटरी भरते. सॉकेट वापरायला आधी विचारून घ्या, आणि चार्जिंगला लावून जेवायला निघून जाऊ नका.

दुसरी बॅटरी हवीच असेल तर सायकलच्या कंपनीचीच, त्याच व्होल्टची घ्या. पहिली संपली की ती काढून दुसरी लावायची, दोन्ही एकदम नाही.

आणि तो जुन्या बाजारातला डबा घरात, पलंगाखाली वगैरे ठेवला असेल तर आजच बाहेर काढा. विकणारा परत घेत नसेल तर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, आत दाबला गेला तर पेट घेईल.