प्रार्थना नक्की कुणाकडे जाते?

सोलापुरात ख्रिस्ती कुटुंबांचं समुपदेशन करताना एक प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणजे तीन देव का? मग माझी प्रार्थना नक्की कुणाकडे जाते?" कॉलेजची मुलं हे विचारतात, लग्न होऊन मंडळीत आलेल्या सुना विचारतात, कधी आयुष्यभर उपासनेला गेलेले आजोबाही. अक्कलकोट, गाणगापूरला जाणाऱ्यांचं हे शहर. घरोघरी दत्ताची तसबीर असते, त्यामुळे शेजारी अगदी आपुलकीने विचारतात, "तुमचंही तसंच का?" उत्तर देता आलं नाही की आपल्या माणसाला वाटतं, आपली श्रद्धाच कच्ची.

त्यातल्याच एका नर्सची हकिकत सांगते. तिची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वॉर्डातल्या मैत्रिणीने तिला हाच प्रश्न केला होता. पण माझ्याकडे आल्यावर ती म्हणाली, "ताई, मी फक्त येशूशी बोलते. देवबापाचं नाव तोंडात येत नाही. चर्चमध्ये 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू झालं की मी नुसते ओठ हलवते. हे पाप आहे का?"

आधी आम्ही शिकवण नीट पाहिली. देव एकच. पिता पुत्र नव्हे, पुत्र आत्मा नव्हे, तरी प्रत्येक जण पूर्ण देव. संडे स्कूलमध्ये तिने पाणी, बर्फ आणि वाफ असं ऐकलं होतं. तो दाखला मी कुणालाच देत नाही. एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो, असा त्यातून अर्थ निघतो. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात होता, आत्मा कबुतरासारखा उतरत होता आणि पित्याची वाणी आकाशातून आली, तिन्ही एकाच वेळी. त्रिमूर्तीत उत्पत्ती, पालन आणि संहार अशी कामं वाटलेली मानतात. ख्रिस्ती विश्वासात तशी वाटणी नाही. जे पिता करतो ते पुत्र आणि आत्म्यासह करतो.

तिने मान डोलावली. "पटतंय ताई. पण भीती जात नाही."

तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "'पित्या' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा. गिरणी बंद पडल्यावर ते पिऊन यायचे. चाळीच्या बोळात सायकल स्टँडला लावल्याचा आवाज आला की आम्ही भावंडं वह्या मिटायचो. आई मधे उभी राहायची. पट्टा तिला लागायचा." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "येशूपण तसाच मधे उभा आहे ना?"

याच वाक्याची मी वाट पाहत होते. तिच्या मनात तीन देव नव्हतेच. दोन होते, एक मारणारा आणि एक वाचवणारा. आकड्याचा प्रश्न घेऊन येणाऱ्या अनेकांच्या तळाशी मला हेच सापडलं आहे. येशू प्रेमळ आहे यावर त्यांचा विश्वास असतो. त्याच्या पाठीमागे कोण आहे, याची धास्ती असते. घरात पहिल्यांदा जो बाप पाहिला, त्याचाच चेहरा माणूस स्वर्गातल्या बापाला देतो, हे माझं ठाम मत आहे.

मी तिला योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातलं, येशूचा शिष्य फिलिप्प याचं मागणं वाचायला दिलं, "आम्हांला पिता दाखवा." येशूचं उत्तर तिने मोठ्याने वाचलं: "ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे." मी म्हटलं, "येशू बापाला आवरायला आलेला नाही. बापानेच त्याला पाठवलंय. कुष्ठरोग्याला हात लावणारा, मुलांना जवळ घेणारा जो येशू तुला आवडतो, पित्याचं मन तेच आहे. त्याच्यामागे वेगळा चेहरा नाही."

"म्हणजे पट्टा नाहीच?" तिने विचारलं.

"नाहीच."

ती खूप रडली. मी घाई केली नाही.

३२५ साली निकाया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत नेमका हाच मुद्दा पणाला लागला होता. पुत्र हा निर्माण केलेला, पित्याहून वेगळा, असं एरियस नावाचा पाळक शिकवत होता. परिषदेने ठरवलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. हा वाद विद्वानांचा वाटतो, पण तो एरियसच्या बाजूने सुटला असता, तर या मुलीला मी "नाहीच" कशाच्या जोरावर म्हणाले असते?

मैत्रिणीला काय सांगायचं, तेही तिने स्वतःच ठरवलं: "देव एकच आहे, पण तो कधीच एकटा नव्हता. जग नव्हतं तेव्हाही त्याच्यात प्रेम होतं."

ज्यांना हीच काळजी आहे त्यांना सांगते, येशूला मारलेली हाक चुकीच्या दारी जात नाही. पवित्र आत्मा आपल्याला प्रार्थना करायला लावतो, पुत्र आपल्याला पित्याजवळ नेतो. तुम्ही एकाला बोलावता तेव्हा बाकी दोघे रुसून बसत नाहीत. 'पित्या' हा शब्द जड जात असेल तर जबरदस्तीने म्हणू नका. वडिलांना लगेच क्षमा करा, असा आग्रह कुणी धरला तर आत्ता जमत नाही म्हणून सांगा. आणि लहानपणीचा मार अजून स्वप्नात येत असेल, तर पाळकांच्या प्रार्थनेबरोबर समुपदेशकाकडेही जा. ती जखम वचन पाठ करून भरत नाही, तिच्यावर वेगळं काम करावं लागतं.