परप्रांतीय आले म्हणून दर पडला का?

प्रश्न : आमच्या टॉवेल कारखान्यात बिहारची पोरं आली आणि मजुरीचा दर पडला. तेव्हापासून जुने कामगार ‘हे लोकच तसले’ म्हणून उठता-बसता शिव्या घालतात. पोटावर पाय आला की माणूस असा होतोच का?
– एक यंत्रमाग कामगार, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : होतोच असं नाही. बाहेरचे येऊन स्थानिकांनी सोडलेलं काम करू लागले तर फारशी कुरबुर होत नाही. एकाच कामाचे दोन दर झाले की मात्र तेढ वाढते. समाजशास्त्रज्ञ एडना बोनासिच यांनी 1972 मध्ये हेच मांडलं : जास्त मजुरीवाल्यांना मालक आवाक्याबाहेरचा वाटतो, म्हणून ते स्वस्तात राबणाऱ्यालाच हाकलू बघतात. अमेरिकेत ईस्ट सेंट लुइसला 1917 मध्ये अ‍ॅल्युमिनियम कारखान्यातला संप कृष्णवर्णीय कामगार लावून मोडला गेला. जुलैत गोऱ्या जमावाने त्यांची घरं जाळली, माणसं मारली. मालक सुरक्षित राहिला.

तुमच्या कारखान्यात आधी चार गोष्टी विचारा : नगामागे दर किती, एकाकडे माग किती, पाळी किती तासांची आणि उचल कोणाकडून घेतली. खरी मेख बहुतेक वेळा उचलीत असते. गावाकडे घेतलेली उचल फिटेपर्यंत पोरगा काम सोडू शकत नाही. कारखान्यातच झोपतो, बारा-बारा तास माग चालवतो. माल जास्त निघाला की ‘याला परवडतं, तुम्हाला का नाही?’ असं म्हणून मालक सगळ्यांचाच दर उतरवतो. जुन्यांना दिसतं ते एवढंच, की ही माणसं बैलासारखी राबतात. कर्जाची सक्ती त्यांना जातीचा स्वभाव वाटू लागते. सूत महागलं, ऑर्डरी घटल्या, तरी खापर त्यांच्याच माथी! तेलंगणातून आलेल्या विणकरांनी ज्या शहराचे माग चालवले, तिथे तरी हे कळायला हवं.

त्यांना हाकलून दर वर येणार नाही. कंत्राटदार दुसरे आणेल. एकच दर मागा, तो फलकावर लावून घ्या, पगार बँकेत मागा. युनियनने त्या पोरांनाही सभासद करून घ्यावं. ती बाहेर राहिली तर पुढच्या संपात त्यांच्याच जिवावर माग चालू राहतील. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते. हे त्यांना हिंदीत समजावून सांगा.