अर्ध्या कातळावर सर आली तर?

प्रश्न: आम्ही चौघे मित्र बडोद्याचे. जानेवारीत शनिवार-रविवार जोडून प्रस्तरारोहणासाठी अबूला गेलो होतो. कड्यावर दोर अडकवायला कायमचे बोल्ट ठोकलेले नव्हते. आघाडीचा आरोहक भेगांत नट (पाचरीसारखे धातूचे ठोकळे) आणि कॅम (स्प्रिंगने उघडून भेगेत घट्ट बसणारी पाकळ्यांची साधने) बसवीत व त्यांना दोर अडकवीत चढत होता व मागून येणारा ते काढून घेत होता. शनिवार कोरडा गेला. रविवारी सकाळी ढग खाली उतरले आणि मावठ्याची सर आली, तेव्हा आमचा मित्र १८ मीटर उंचीवर होता. वर जावे की परतावे, यावर खाली वाद झाला. अखेर तो एका नटावर दोर लावून उतरला आणि नट व कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) तिथेच राहिले. तासाभरात ऊन पडले, आणि तेव्हापासून एक मित्र म्हणतो आहे की नट फुकट गेला. आमचे चुकले का? ओला झालेला दोर पुन्हा वापरावा का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: परतण्याचा निर्णय योग्यच होता, आणि नंतर ऊन पडले म्हणून तो चुकीचा ठरत नाही. एकाच नटावर सगळा भार टाकून उतरणे मात्र मला मान्य नाही.

अबूचा ग्रॅनाइट वालुकाश्मासारखा पाण्याने दुबळा होत नाही. जाते ती पकड. तिरक्या गुळगुळीत पाषाणावर आरोहक केवळ बुटाच्या रबराच्या घर्षणावर उभा असतो, आणि तिथे पहिल्या शिंतोड्यांतच पाय सुटू लागतात. जिथे दगडफूल धरलेले असते (आपल्या मसाल्यात पडते त्याच जातकुळीचे), तिथे तर ओलाव्याने शेवाळासारखी निसरड होते. कॅमचीही तीच गत आहे. तो भेगेच्या दोन्ही भिंतींवर दाब देऊन घर्षणाने टिकतो. त्याच्या पाकळ्यांचा साधारण १४ अंशांचा कोन कोरड्या खडकाचे घर्षण गृहीत धरून ठरवलेला असतो, त्यामुळे भेगेतून पाणी किंवा चिखल झिरपू लागला की तो हिशेब बिघडतो. खाली अरुंद होत जाणाऱ्या भेगेतला नट पाचरीसारखा अडकून बसतो, म्हणून आभाळ भरलेले असताना निवडीला वाव असेल तिथे मी नटच पसंत करतो. ऊन पडल्यावर पाषाणाचा पृष्ठभाग लवकर वाळतो, पण भेगा बराच वेळ पाझरत राहतात, हे आपल्या नाराज मित्रास सांगावे.

माघारीचा विचार जमिनीवरच व्हावा. दोर ६० मीटरांचा असेल, तर ३० मीटरांच्या आतच बिले देणारा (खालून दोर सांभाळणारा) आघाडीच्या माणसाला थेट खाली उतरवू शकतो. त्यापुढे काम गुंतागुंतीचे होते. म्हणून ढगाळ दिवशी त्या टप्प्याला पोहोचण्यापूर्वी थांबून आभाळ पाहावे, आणि परतायचेच ठरले तर दोन वेगळ्या जागी बसवलेले नट स्लिंगने (मजबूत पट्ट्याच्या फासाने) जोडून, भार दोहोंवर वाटला जाईल असे पाहून, मगच उतरावे. खालचे नट आणि कॅम उतरताना त्यांच्यापाशी पोहोचेपर्यंत दोरातून सोडवू नयेत, म्हणजे वरचे निसटले तरी तेच आधार ठरतात. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ हवीच.

गडगडाट ऐकू आला, तर वादाला जागाच नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. हे अंतर ३० सेकंदांहून कमी भरले की कडा सोडावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास त्याला हात लावू नये. पाणी वाहणारी भेग किंवा उथळ कपार हा विजेपासून आसरा नव्हे.

दोराविषयी: नायलॉन ओला असताना पडण्याचा झटका सोसण्याची त्याची क्षमता बरीच घटते, म्हणून त्याच दिवशी त्यावर पुन्हा आघाडी घेऊ नये. घरी आणून सावलीत, वारा लागेल असा सैल पसरून वाळवावा. गच्चीतल्या उन्हात किंवा गिझरजवळ टांगू नये. पूर्ण वाळल्यावर हाताने चाचपून कुठे मऊ किंवा चपटा भाग लागला नाही, तर तो निःशंक वापरावा.

मागे राहिलेल्या नटाचा आणि कॅराबिनरचा खर्च चौघांनी सारखा वाटून घ्यावा. तो एकट्या आघाडीच्या माणसाच्या माथी आला, तर पुढच्या सरीत तो परतायला कचरेल.