इन्स्टॉलेशन सोडून ट्रेनर व्हायचंय, पण कंपनी बॉण्ड पुढे करतेय

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदा हेच सांगतो की घाबरून रात्रीची झोप घालवावी असं यात काही नाही, पण दोन ठिकाणी जपून पाऊल टाकावं लागेल, आणि त्यातली एक जागा अशी आहे की तिच्याबद्दल तुम्ही मला काही विचारलेलंच नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पत्र लिहिणारे सोलर रूफटॉप बसवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं सात महिने टेक्निशियन आहेत. स्ट्रक्चर उभं करणं, पॅनल चढवणं, केबलिंग, अर्थिंग, इन्व्हर्टर कमिशनिंग (तपासून चालू करणं) सगळं केलंय, आणि नवीन पोरांना साइटवर शिकवायचं काम हळूहळू यांच्याकडेच आलं, तिथूनच शिकवायची आवड लागली. आता एका ट्रेनिंग सेंटरने टेक्निकल ट्रेनर म्हणून बोलावलंय. कंपनी म्हणते जाता येणार नाही, कारण सव्वादोन वर्षांपूर्वी सहा दिवसांच्या इन्व्हर्टर ट्रेनिंगला पाठवताना तीन वर्षांच्या बॉण्डवर सही घेतली होती, आधी सोडलं तर दोन लाख भरायचे, शिवाय सोडल्यावर दोन वर्षं सोलर क्षेत्रात 'काम किंवा प्रशिक्षण' करायचं नाही. आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट आणि सही केलेला एक कोरा चेक एचआरच्या कपाटात आहे. वरून धमकी, की साइटचे फोटो आणि चेकलिस्ट शिकवायला वापरल्या तर केस करू.

आधी त्या दोन वर्षांच्या बंदीचं बघू. नोकरी संपल्यानंतरही माणसाला त्याच्या धंद्यात काम करू नको म्हणणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे रद्दबातल आहे, त्यावर तुमची सही असली तरी. पर्सेप्ट डी मार्क विरुद्ध झहीर खान या २००६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच पुन्हा सांगितलं, की कराराची मुदत संपल्यावरचं बंधन चालत नाही. त्यामुळे 'दोन वर्षं प्रशिक्षण द्यायचं नाही' हे वाक्य मनातून काढून टाका.

पण नोकरी चालू असतानाचं बंधन वेगळं, आणि इथेच मित्रांचं ऐकून लोक फसतात. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा १९६७ चा निकाल आहे, कल्याणच्या टायरकॉर्ड प्लांटमधला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून जास्त पगारावर कोट्याच्या कंपनीत गेला, आणि करार चालू असताना दुसरीकडे तेच काम करायला कोर्टाने त्याला मनाई केली. म्हणून तुमच्या बॉण्डमध्ये नेमकं काय लिहिलंय ते बघा. 'तीन वर्षं नोकरी करीनच आणि त्या काळात दुसरीकडे जाणार नाही' असं लिहिलंय, की 'आधी सोडल्यास दोन लाख देईन' असं? दुसरं असेल तर सोडून जायची वाट बॉण्डनेच ठेवलीय, फक्त तिची किंमत लावलीय. तुम्ही जे वाक्य उतरवून पाठवलंय ते दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक महिन्याची नोटीस आहे, म्हणजे नोटीस देऊन राजीनामा दिला की तुमचा करार रीतसर संपतो. कामावर परत ये असा हुकूम कोर्ट देत नाही, वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने पाळून घेता येत नाही.

मग राहिले दोन लाख. 'बॉण्ड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही' असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. तसं समजू नका. विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं पूर्ण न करता सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख वसूल करणारी अट वैध ठरवलीय. आकडा आणि मुदत नेमकी तुमचीच, त्यामुळे कंपनीचा वकील हा निकाल पहिल्यांदा काढेल. पण ती सरकारी बँक होती, जागा सीनियर मॅनेजरची होती, आणि ती पुन्हा भरायची तर जाहिरात, परीक्षा, इंटरव्ह्यू अशी लांब खर्चिक भरती करावी लागते हे कोर्टाने लक्षात घेतलं. तुमचं उत्तर करार कायद्याच्याच कलम ७४ मध्ये आहे. करारात रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं (कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए, २०१५). सहा दिवसांच्या ट्रेनिंगची फी, प्रवास, राहणं, त्या दिवसांचा पगार, हे सगळं बिलांवर मोजता येतं. तेव्हा कंपनीला लेखी विचारा की माझ्यावर नेमका किती खर्च झाला, बिलं दाखवा. शिवाय ३६ पैकी २७ महिने तुम्ही भरलेत, उरलेत ९, म्हणजे कंपनीचा पूर्ण आकडा मान्य केला तरी हिशेब चौथ्या हिश्श्यावर येतो, पन्नास हजार. मी तुमच्या जागी असतो तर त्याहून कमी रकमेवर लेखी तडजोड करून मोकळा झालो असतो, कारण नऊ महिन्यांसाठी कित्येक वर्षं तारखा करण्यात तुमचा काही फायदा नाही. मात्र 'पूर्ण व अंतिम, दोन्ही बाजूंचं काही देणं नाही' अशी पावती आणि तो चेक हातात पडल्याशिवाय एक रुपयासुद्धा देऊ नका.

जुन्या कागदांत मला सगळ्यात जास्त काळजी चेकची वाटते. सही केलेला कोरा चेक स्वतःहून दिला असेल तर नंतर त्यात रक्कम दुसऱ्याने भरली म्हणून तो आपोआप बाद होत नाही, देणं होतं असंच कोर्ट आधी गृहीत धरतं (बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार, २०१९), आणि ते खोडायचं काम तुमच्यावर येतं. बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट केलं की सुटलो असंही नाही, तरीही चेक न वटल्याची, म्हणजे कलम १३८ ची केस होऊ शकते. म्हणून आजच चेकबुकच्या मागच्या पानावरून त्या चेकचा नंबर शोधा आणि कंपनीला ईमेल करा, की अमुक नंबरचा चेक फक्त बॉण्डच्या सिक्युरिटीसाठी दिला होता, तारीख आणि रक्कम कोरी होती, आजच्या तारखेला माझं कोणतंही ठरलेलं देणं नाही, चेक परत करा. उद्या तो दोन लाख भरून बँकेत टाकलाच तर हा ईमेल तुमचा सर्वात मोठा पुरावा. चेक बाउन्स झाल्यावर कंपनीची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून १५ दिवस असतात, त्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

ओरिजिनल सर्टिफिकेट अडवून ठेवायचा त्यांना काहीही हक्क नाही. दुसऱ्याची वस्तू हिशेब चुकता होईपर्यंत धरून ठेवायचा सर्वसाधारण हक्क करार कायद्याच्या कलम १७१ ने बँकर, फॅक्टर (दुसऱ्याचा माल विकणारा दलाल), वार्फिंजर (धक्क्यावर माल ठेवून घेणारा), हायकोर्टाचे ॲटर्नी आणि पॉलिसी ब्रोकर इतक्यांनाच दिलाय, बाकीच्यांना तसा स्पष्ट करार लागतो, आणि तुम्ही तर 'व्हेरिफिकेशनसाठी' म्हणून सर्टिफिकेटचा लिफाफा दिला होता. त्या वेळचा 'ओरिजिनल्स रिसीव्ह्ड' हा एचआरचा मेसेज तुमच्याकडे आहे ना, त्याचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या जागी सेव्ह करा. सात दिवसांची मुदत देऊन लेखी मागा, नाही दिलं तर मी नोटीस काढतो, बहुतेक वेळा तेवढ्यावरच लिफाफा बाहेर येतो.

राजीनामा ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्हीकडून. शेवटच्या दिवशी सामान परत करताना यादी करा, क्लॅम्प मीटर, क्रिम्पिंग टूल, सेफ्टी हार्नेस, कंपनीचं सिम, प्रत्येक वस्तूपुढे स्टोअरवाल्याची सही घ्या आणि यादीचा फोटो काढा, कारण चिडलेल्या कंपनीने नंतर टूल चोरीची तक्रार केलेली मी पाहिलीय, आणि तिथे त्या पोराला वाचवायला फक्त अशी एक यादी कामी आली.

पैशांचं पटकन सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे, 'पंचेचाळीस दिवसांनी फुल अँड फायनल' ही जुनी सवय झाली. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर मिळते, सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची सात वर्षं, प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. बॉण्डच्या नावाखाली ती अडवता येत नाही. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा, पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजतात तेव्हा ही वर्षं लागतील. कंपनीने एक्झिट डेट टाकली नाही तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर तुम्ही स्वतः टाकू शकता. आणि अनुभवाचं पत्र नाहीच दिलं तर पीएफ पासबुक, सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि तुमच्या सहीचे कमिशनिंग रिपोर्ट मिळून तोच अनुभव सिद्ध होतो, ट्रेनिंग सेंटरला तसं आधीच सांगून ठेवा.

आता फोटो आणि चेकलिस्ट. इथे कंपनीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून तयार केलेल्या गोष्टीचा पहिला मालक कंपनी असते, वेगळं ठरलं नसेल तर. तुम्ही रात्री घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर केलेली असली तरी कंपनीच्या कामासाठी केलेली चेकलिस्ट कंपनीची. साइटचे फोटो तर ग्राहकाच्या घराचे पण आहेत. ते सगळं नेऊ नका, पेनड्राइव्हवर नको, स्वतःला ईमेल पण नको, राजीनाम्याच्या आदल्या रात्री फाइल्स पाठवल्या की तीच तारीख तुमच्याविरुद्ध उभी राहते. पण कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. इन्व्हर्टर बंद केला तरी उन्हात पॅनलच्या वायरीत डीसी व्होल्टेज राहतंच, लोडवर असताना कनेक्टर ओढला की आर्क (विजेची मोठी ठिणगी) होतो, अर्थिंग आधी तपासायचं, ही तुमच्या हाताला आलेली विद्या आहे, ती कोणीही अडवू शकत नाही. नवीन चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून स्वतः लिहा, फोटो सेंटरच्या डेमो स्ट्रक्चरवर काढा.

आणि आता ती जागा, जिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही. पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात, की नवीन ठिकाणी ११ महिन्यांचा 'कन्सल्टंट ट्रेनर' करार आहे, पगार नाही तर प्रोफेशनल फी. मला जुन्या बॉण्डपेक्षा या कागदाची काळजी जास्त वाटते. आज तुम्ही कायद्याच्या भाषेत कामगार आहात, हाताने आणि तांत्रिक कौशल्याने काम करणारा, त्यामुळे काढलं तर एक महिन्याची नोटीस, दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची भरपाई, कामगारांच्या वादांचं न्यायाधिकरण, हे सगळं मागे उभं आहे. शिकवणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या निकालात म्हटलंय. तो खटला शाळेतल्या शिक्षिकेचा होता, टेक्निकल ट्रेनरच्या बाबतीत वाद घालता येईल, पण वाद घालावा लागेल हेच तर नुकसान. त्यावर तुम्ही कन्सल्टंट झालात की पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि डेमो देताना शिडीवरून पडलात तर भरपाई मागायला कर्मचारी म्हणून उभंच राहता येणार नाही. ट्रेनर म्हणून नोकरीवर असाल तर मात्र ग्रॅच्युइटी मिळते, शिक्षकांना ती १९९७ पासून लागू करणारी दुरुस्ती सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये कायम केली.

म्हणून सही करण्याआधी सेंटरला मागा, कराराऐवजी अपॉइंटमेंट लेटर, ११ महिन्यांऐवजी प्रोबेशन, दोन्हीकडून किमान दोन महिन्यांची नोटीस, आणि काढताना कारण लेखी. ठरावीक मुदतीच्या करारावरच अडून बसले तर निदान 'फिक्स्ड टर्म एम्प्लॉई' म्हणून बारा महिन्यांचा करार करा, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत फिक्स्ड टर्मवाल्याला एक वर्षानंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे, अकरा आणि बारा महिन्यांत तेवढा फरक पडतो. अपघात विमा, आणि मुलांकडून चालू सिस्टिमवर प्रॅक्टिकल करून घेताना एका बॅचला किती मुलं आणि किती हार्नेस, हे पण लेखी घ्या, कारण तुमच्या देखरेखीखाली मुलाला लागलं तर निष्काळजीपणाचा गुन्हा तुमच्या नावावर लागू शकतो, हार्नेस विकत घेतले नाहीत म्हणून संस्थेकडे बोट दाखवायला कागद लागेल.

राजीनामा अजून दिला नाहीत हे बरं झालं. आधी सेंटरचं लेटर सुधारून हातात येऊ दे, चेक आणि सर्टिफिकेटचे ईमेल मात्र आजच जाऊ देत, आणि लेटरचा ड्राफ्ट आला की सही करायच्या आधी मला पाठवा.